सिद्धलिंगप्पांचं फोनचं कपाट

नव्या पेठेत कापडाची दुकानं काय कमी हायत व्हय? पन फोन ऐकायला लोक जमायचे असं दुकान एकच, आमच्या सिद्धलिंगप्पांचं. मी गोजाबाई, मूळची जेऊरची. त्यांच्या दुकानासमोर माजं शिलाई मशीन. त्यांनी खण विकायचे, मी त्याच्या चोळ्या शिवायच्या, असा आमचा शेजार. तवा मी सांगते ते डोळ्यानं बगितलेलं हाय, आन् मदी कुनी खोट काढलेली मला खपत न्हाय. आदीच सांगून ठिवते.

मानूस कसा, तर कपाळाला इभूत, अंगात पांढरा सदरा आन् कान दोन्ही उघडे. बोलायचा न्हाय, ऐकायचा नाद. एखादी बाई खण बगता बगता सासूची कागाळी सांगायला लागली की ह्यांनी हातातली मीटरपट्टी खाली ठिवलीच म्हना. मल्लव्वा, त्यांची बायको, कपाळाला हात लावायची. "ह्यांना गिऱ्हाइक नको, गोष्ट पायजे," म्हनायची. खोटं न्हवतं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमच्या गल्लीत फोन फकस्त त्यांच्या दुकानात. बाहेरगावचा फोन म्हंजे ट्रंक कॉल. आदी एक्सचेंजची बाई बोलायची, मंग आपलं मानूस, आन् तीन मिंटं झाली की बाई पुन्ना मदी तडमडायची. तेवढ्यात ख्यालीखुशाली, लगीन, मौत, भांडान सगळं उरकायचं. आन् फोनवर एकट्यानं बोलायची आमच्यात रीतच न्हवती. ज्याचा फोन त्यानं रिसीव्हर कानाला लावायचा आन् अक्ख्या गल्लीनं त्याच्या खांद्यावरनं वरडायचं. "आक्काला इचार गुडगा कसा हाय!" "माजा बी नमस्कार सांग!" तिकडं गुलबर्ग्याला, हुबळीला बी तसाच घोळका. कोन कुनाला काय म्हनलं ते सिद्धरामेश्वरालाच ठावं.

एकदा कुंडलिकाच्या जावयाचा फोन आला. कुंडलिक गिरनीतला, आमच्याच गल्लीत ऱ्हानारा. पोरगी सासरी लातूरला बाळंत व्हायची हुती. ह्यानं रिसीव्हर कानाला लावला आन् "झालं! झालं!" म्हनत नाचायलाच लागला. नाचता नाचता फोन ठिवला बी. मी इचारलं, "काय झालं?" "बाळ झालं!" "आवो, पन पोरगा का पोरगी?" आता आली का पंचाईत! जावयानं सांगितलं असनारच की, पन आमच्या वरडन्यात आन् ह्याच्या नाचन्यात ते गेलं वाऱ्यावर. पोरगा असंल तर पेढे वाटायचे, पोरगी असंल तर जिलबी. त्या येड्यानं दोन्ही आनलं. निम्म्या गल्लीला पेढे दिले आन् निम्मीला जिलबी. पोरगी झाली हुती. पेढे खाल्लेले लोक त्याला अजून चिडवतात.

हसून हसून आमची मुरकुंडी वळली, पन सिद्धलिंगप्पा हसले न्हाईत. "एवढं चांगलं बोलनं वाया गेलं की वो," म्हनले. मानसाला खरंच चुटपुट लागली. थोड्याच दिसात मुंबईच्या मेव्हन्याकडनं त्यांनी कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागवला. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं एक रबराची वाटी दिली, तिला वायर. वाटी रिसीव्हरला चिकटवायची, वायर टेपात खुपसायची, की दोन्हीकडचं बोलनं कॅसेटवर उतरायचं. पन ती वाटी मेली सारकी निसटायची. कुनीतरी अंगठ्यानं दाबून धरावी लागायची. ते काम दाक्षायणीचं. दाक्षायणी त्यांची एकुलती पोरगी, कॉलेजात जानारी, मुलुखाची शांत. वर माळ्यावर तिची अभ्यासाची खोली. फोन वाजला की पुस्तक पालथं घालून खाली यायची, वाटी धरून उभी ऱ्हायची, फोन संपला की पुन्ना वर.

कॅसेटी वाढायला लागल्या. मंग सिद्धलिंगप्पांनी खणाचं एक कपाटच मोकळं केलं. मल्लव्वानं आदळआपट केली, पन ऐकतंय कोन! मी म्हनलं, "अप्पा, नावं लिवून ठिवा, न्हाईतर सापडायचं न्हाय." तर म्हनले, "गल्लीत वाचायला येतंय किती जनांला? रंग सगळ्यांला कळतो." आन् त्यांनी परत्येक कॅसेटीला खणाची चिंधी चिकटवली. हिरवी चिंधी म्हंजे बारसं, पाळना. पिवळी म्हंजे लगीन. पांढरी म्हंजे मयत. चौकड्याची म्हंजे भांडान. साधी ख्यालीखुशाली असली की निळी. फोन आला की आदी सोता टेपात सांगायचे, "कुंडलिकाचा जावई, लातूर, नागपंचमीचा दिवस," आन् मंग रिसीव्हर द्यायचे. टेप पुढं पळवला की चिमन्या भांडल्यावानी आवाज यायचा, आन् ह्या बाबाला त्या चिवचिवाटातनं बी कळायचं, आता कुनाचा फोन चाललाय ते.

बाजार बंद असायचा त्या वारी दुपारची जेवनं झाली की दुकानात बैठक. कुनी कडक भाकरी आन् शेंगाचटनी घिऊन यायचं, कुनी नुसतंच तोंड घिऊन. "अप्पा, माजी निळी लावा." "अप्पा, सुनंच्या डोहाळजेवनाचं लावा." भांडनाच्या कॅसेटीला मातूर त्यांचा कायदा हुता. दोन्ही पार्ट्या हजर असल्याबिगर ती लावायची न्हाय. एका घरच्या जावा-जावांनी तू असं म्हनलीस, मी न्हाय म्हनले, असं वरीसभर धरलं हुतं. दोघींला समोरासमोर बसवून चौकडा लावला, तर दोघी बी तसं म्हनल्याच न्हवत्या. म्हनला हुता एकीचा दादला. मंग दोघींनी मिळून त्याला धरला, आन् ती मजा मी काय सांगू!

माजा थोरला मुंबईला गोदीत. त्याचा फोन मी कितींदा ऐकला असंल, गिनती न्हाय. "आये, मी झकास हाय, डबा चांगला मिळतो." खोटं बोलत हुता मेला. मदी एकदा तोंड फिरवून खोकला, तो फोनवर मला कळला न्हवता, टेपवर कळला. दुसऱ्याच दिवशी जानाऱ्या मानसासंगं काढ्याची पुडी धाडली. तवापास्नं मी सिद्धलिंगप्पांला कदी येडं म्हनले न्हाय. मनात बी न्हाय.

आता दाक्षायणीचं सांगते. तिचं बी.एस्सी.चं शेवटचं वरीस. आमच्या गल्लीत पोरींनी मॅट्रिक केलं तरी डोक्यावरनं पानी, बी.एस्सी. तर कुनाच्या सात पिढ्यांत न्हाय. परीक्षा चैत्रात. तिचं एकच म्हननं, परीक्षा द्यायची, मंग मांडवात उभं ऱ्हायाचं. सिद्धलिंगप्पांनी बी शब्द दिला हुता, "परीक्षा झाल्याबिगर लगीन न्हाय." चोळीचं माप देताना मला म्हनली, "गोजामावशी, तेवढी एक परीक्षा हुऊ दे. मंग कुटं बी द्या मला, मी न्हाय म्हननार न्हाय." असं म्हनताना तोंडावर काय तेज हुतं पोरीच्या!

गुलबर्ग्याचे गुरुबसप्पा, डाळीच्या धंद्यातले, पोरगी बगून गेले. पोरगा बँकेत, चांगला शिकलेला, नजर खाली. दोन्हीकडनं पसंती झाली. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आन् एका सकाळी फोन वाजला. गुलबर्गा! मी मशीनवरची चोळी तशीच टाकून धावले. कुंडलिक धावला, मल्लव्वा पिठाच्या हातानं आली, दुकानात पाय ठिवायला जागा न्हाय. सिद्धलिंगप्पांनी रिसीव्हर घेतला, दाक्षायणीनं वाटी धरली.

गुरुबसप्पांचा आवाज म्हंजे नगारा. मठातल्या स्वामींनी मुहूर्त काढला हुता, फाल्गुनातला. "आमच्यात नवी सून वरीसभर परीक्षेबिरीक्षेला भाईर जात न्हाय बगा, ते आदीच सांगतो. बोला, धरायचा का मुहूर्त?" सिद्धलिंगप्पांचं तोंड फुललं. "हौदु, हौदु," म्हनले. कानडीत व्हय म्हंजे हौदु. मागनं मल्लव्वा रडायला लागली आनंदानं, मी "अभिनंदन सांगा!" म्हनून वरडले, कुंडलिक "किती मानसं येनार इचारा!" म्हनून वरडला, तिकडनं बायका काय काय वरडल्या, आन् बाईनं तीन मिंटं संपवली. फोन ठिवल्या ठिवल्या सिद्धलिंगप्पांनी साखरेचा डबा काढला आन् पयली चिमूट दाक्षायणीच्या हातावर ठिवली. तिनं साखरेकडं बगितलं, बापाकडं बगितलं, आन् वर निघून गेली.

मला ऱ्हावलं न्हाय. म्हनलं, "अप्पा, परीक्षेचं वो?"

"मला बी आदी तेच वाटलं," म्हनले. "पन ती हितंच तर उभी हुती. आडचन असती तर बोलली असती की. मुहूर्त चांगला हाय, पटलं असंल तिला."

पोरगी गप म्हंजे कबूल, ही आपल्याकडची जुनी खोड. झालं, लगीनघाई सुरू झाली. मल्लव्वानं इरकली काढल्या, मला चोळ्यांचा ढीग दिला. दाक्षायणी माप द्यायला आली तर नुसती भिंतीकडं बगत उभी. इचारलं तर म्हनली, "काय न्हाय, मावशी."

बाजार बंदचा वार आला. सगळी म्हनली, लग्नाचा फोन ऐकायचा. सिद्धलिंगप्पांनी हौसेनं पिवळी कॅसेट लावली. आपापला आवाज आला की जो तो खिदळायचा. कुंडलिक म्हनला, "बगा बगा, माजाच आवाज खनखनीत!" आन् तेवढ्यात मला काय तरी येगळंच ऐकू आलं. नगाऱ्याच्या खाली, आमच्या कालव्याच्या खाली, बारीक पन अगदी जवळनं.

"ए, गप बसा रे समदी!" मी वरडले. "अप्पा, मागं घ्या जरा."

त्यांनी टेप मागं घेतला. पुन्ना लावला. आता सगळ्यांलाच ऐकू आलं.

"अप्पा, परीक्षा." मंग गुरुबसप्पा. मंग पुन्ना, "अप्पा, परीक्षेचं बोला की." मंग ह्यांचं हौदु हौदु, मल्लव्वाचं रडनं, माजं वरडनं. "अप्पा, तुमी शब्द दिला हुता." आन् बाईनं फोन तोडायच्या जरा आदी, "अप्पा, मी हितंच हाय."

वाटी धरून उभी असल्यामुळं तिचं तोंड रिसीव्हरच्या अगदी जवळ. आमी मागनं गळा फाडत हुतो, बापाच्या कानात सगळा गुलबर्गा भरलेला. दुकानात कुनालाच ऐकू गेली न्हाय, आन् टेपात सगळी उतरली. कुंडलिकाचा घास हातातच ऱ्हायला.

सिद्धलिंगप्पा उठले, जिन्याच्या खाली उभे ऱ्हायले. "दाक्षा," म्हनले. ती आली, पायरीवर थांबली.

"तू बोलली हुतीस?"

"व्हय, अप्पा."

"मंग फोन ठिवल्यावर का गं न्हाय बोललीस?"

"तुमी साखर दिली की हातावर," ती म्हनली. "मला वाटलं, तुमी ऐकलं, आन् ऐकून बी दिली."

आई गं! तो मानूस तितंच खालच्या पायरीवर बसला आन् सदऱ्यानं डोळे पुसायला लागला. अक्ख्या गल्लीचं ऐकनारा मानूस, आन् घरातलं लेकरू म्हनतंय, तुमी ऐकून बी ऐकलं न्हाय. त्यांला किती लागलं असंल ते बाप झालेल्यालाच कळंल.

मंग उठले आन् म्हनले, "गुलबर्गा बुक करतो."

मल्लव्वानं आकांत केला. "शब्द दिलाय! स्वामींचा मुहूर्त हाय! सोयरीक मोडली तर पोरीला कोन पदरात घेनार?" तिचं बी काय चुकलं? आईचा जीव. पन सिद्धलिंगप्पा म्हनले, "शब्द तिला आदी दिला हुता, त्यांला मागनं." आन् आमच्याकडं वळून म्हनले, "फोन लागला की कुनी ओठ हालवायचा न्हाय." अवो, कसले हालवतोय! मी तोंडात पदर कोंबला, कुंडलिकानं दोन्ही हातांनी सोताचं तोंड दाबून धरलं.

फोन लागला. दाक्षायणी सवयीनं वाटी धरायला फुडं झाली. बापानं वाटी सोता धरली आन् रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"मी बोललो तर पुन्ना हौदु हौदु म्हनून बसंन," म्हनले. "तू बोल."

पोरीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आन् बोलली. "मामा, मी दाक्षायणी बोलते. माजी परीक्षा चैत्रात हाय. त्याच्यानंतरचा कुटला बी मुहूर्त काढा, मी उभी ऱ्हाते. परीक्षेच्या आदी न्हाय."

तिकडचा नगारा रिसीव्हरच्या भाईर ऐकू येईल असा वरडला, "बाप कुटं हाय तुजा?"

"हितंच हायत. त्यांनीच फोन दिलाय मला."

"बगतो. इचार करून कळवतो," म्हनले गुरुबसप्पा, आन् खाड्कन ठिवला. मल्लव्वा मटकन खाली बसली. सिद्धलिंगप्पांनी पोरीच्या डोक्यावर हात ठिवला आन् म्हनले, "जा, अभ्यासाला बस."

आता बगा, गुलबर्ग्याचा फोन कदी बी यायचा. व्हय म्हनतील, न्हाय म्हनतील, सगळं त्या एका फोनवर टांगलेलं. आन् ह्या मानसानं काय करावं? दुसऱ्याच दिवशी रिसीव्हर काढून गादीवर आडवा ठिवला. मी म्हनलं, निसटला असंल. न्हाय! ठरवून ठिवलेला. तिन्हीत्रिकाळ फोन बंद. निकडीचं असंल तर तार करा म्हनले. गल्ली खवळली. मी तर सगळ्यात आदी. माज्या थोरल्याच्या फोनचा वार हुता तो. कंबर कसून गेले भांडायला.

"अप्पा, डोकं ठिकानावर हाय का? गल्लीला एक फोन, तो बी मुका करून ठिवलाय!"

"हळू बोला, गोजाबाई. फोन वाजला की ती पुस्तक ठिवून खाली उतरते. न्हाय वाजला तर न्हाय उतरायची."

"आन् गुलबर्ग्यानं व्हय म्हनायला फोन केला तर?"

"मंग लागनार न्हाय."

"आन् लागत न्हाय म्हनून त्यांनी दुसरी पोरगी बगितली तर?"

त्यांनी वर माळ्याकडं बगितलं. वरनं पोरीचा पाठ करायचा आवाज येत हुता, गुनगुन गुनगुन. "बगू द्या," म्हनले. "पोरगी वाचतीया."

आजपातूर माजं तोंड कुनी बंद केलं न्हवतं, माज्या नवऱ्यानं बी न्हाय. त्या दिवशी मी गप मशीनवर जाऊन बसले, आन् मशीन बी हळू चालवलं. गल्लीत कुनी जिन्याजवळ मोठ्यानं बोललं की मीच धावून जायची. फाल्गुन आला, मुहूर्ताचा दिवस आला आन् गेला. मल्लव्वानं त्या दिवशी चूल पेटवली न्हाय. गुलबर्ग्याची तार न्हाय, मानूस न्हाय, काय न्हाय. लोक म्हनायला लागले, संपली सोयरीक. सिद्धलिंगप्पा खण मोजत ऱ्हायले.

चैत्रात परीक्षा सुरू झाली. शेवटच्या पेपरला पोरगी रिक्षात बसून गेली तसा त्यांनी रिसीव्हर उचलून जाग्यावर ठिवला. मी पायरीवर बसले हुते, कुंडलिक रातपाळी करून आलेला. दुपार व्हायच्या आदी फोन वाजला. इतक्या दिसांनी वाजला की मी दचकलेच.

गुरुबसप्पा! नगारा सगळ्या दुकानाला ऐकू येत हुता. "काय वो! रोज फोन बुक करतोय, रोज ती बाई एंगेज सांगती! मला वाटलं, तुमालाच सोयरीक नको झाली. चीड आली हुती मला, दुसरं ठिकान बगायला निघालो हुतो. पन आमचा पोरगा हटून बसला. म्हनतो, फोन करत ऱ्हावा. झालंय काय तुमच्या फोनला?"

"फोनला काय झालं न्हाय," सिद्धलिंगप्पा म्हनले. "पोरगी वाचत हुती. मीच काढून ठिवला हुता."

मल्लव्वानं माजा दंड घट्ट धरला. मंग तिकडनं आवाज आला, आन् नगाऱ्याचा न्हवता तो, साध्या मानसाचा हुता.

"आज शेवटचा पेपर म्हना की. कसा गेला तिला?"

सिद्धलिंगप्पांनी आमच्याकडं बगितलं. डोळे भरले हुते, पन हसत हुते.

"अजून आली न्हाय घरी," म्हनले. "जरा येळानं पुन्ना फोन करा. ती आली की तिलाच इचारा."